उजवीकडचा खळगा

बू शेन, बू घराण्यातील; वडिलोपार्जित वृत्तीने त्वान संस्थानचे मुख्य कौलकरी, कासव-कवचांचे रक्षक, ग्रहणे व धूमकेतू यांचे निरीक्षक, पूर्वजांच्या देवळात उजव्या ओट्यावर बसण्याचा मान असलेले. बांधा मध्यम. डाव्या अंगठ्यावर भाजल्याची जुनी खूण. दोष नव्हे, व्यवसायचिन्ह समजावे. पत्नी एक, हयात. कन्या एक, रोंग; हातांच्या नैसर्गिक उबेमुळे थोरल्या सरकारांच्या कायमच्या सेवेत रुजू. सदरहू बू शेन यांच्या उभ्या कारकिर्दीत एकही कौल खोटा ठरलेला नाही.

त्वानच्या दरबाराने हे वर्णन जपून ठेवले आहे, आणि त्यातले शेवटचे वाक्य शब्दशः खरे आहे. त्वानमध्ये कौल खोटा ठरतच नसे. पाऊस पडेल असे कवच म्हणाले आणि पडला नाही, तर थोड्याच दिवसांत पलीकडच्या संस्थानात तो पडल्याची बातमी येई. म्हणजे पडला होताच. लढाई जिंकू असे म्हणाले आणि सैन्य मार खाऊन परत आले, तर ते परत आले ही गोष्ट विजयातच धरली जाई. एकदा शेपटीवाला तारा उगवला. शेनने गच्चीवर उभे राहून त्याची शेपटी कोणत्या दिशेला आहे ते नीट पाहिले आणि ती शेजाऱ्यांकडे आहे असे कळवले. ती बरीचशी वरच होती. पण वर कुणाचेच संस्थान नव्हते.

कौलाचे काम बाहेरून सोपे दिसते. दक्षिणेच्या नदीवरून कासवे येतात. शरद ऋतूत ती मारायची, पोटाकडची ढाल सोलून, घासून, वाळवून ठेवायची. मग तिच्या आतल्या बाजूला खळगे कोरायचे: एक लांबट, त्याला चिकटून एक गोल. कौलाच्या दिवशी पेटलेल्या काटेरी काडीचे निखारलेले टोक त्या खळग्यात धरायचे. कवच तापते, टक् असा आवाज होतो, आणि बाहेरच्या गुळगुळीत बाजूला एक उभी भेग पडते. तिला एक आडवी फांदी फुटते. फांदी वर गेली तर शुभ, खाली झुकली तर अशुभ. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. आधी उजव्या खळग्यावर, ‘असे करावे’. मग डाव्या खळग्यावर, ‘असे करू नये’. उजवा आधी, डावा नंतर. करणे आधी, न करणे नंतर. हे उलटे झाल्याचे हयात माणसांपैकी कुणाला आठवत नव्हते.

आतून काम कसे असते ते शेनला त्याच्या बापाने मरतेवेळी सांगितले. तोवर नुसते घासायला लावले होते.

“कवच बोलतं, हे खरं आहे पोरा,” बाप म्हणाला होता. “पण त्याचं तोंड आपण कोरतो.”

खळग्याची भिंत कुठे पातळ ठेवायची आणि कुठे जाड, यावर फांदी कुठे जाणार ते ठरते. सरकारांना शिकारीला जायचे असेल तर उजवीकडची भिंत वरच्या अंगाला पातळ. सरकारांना नुसते विचारल्याचे समाधान हवे असेल, तरीही उजवीकडची भिंत वरच्या अंगाला पातळ. सरकार जे विचारत ते त्यांना बहुधा करायचेच असे, त्यामुळे शेनच्या हाताला तेच वळण पडले होते. त्याचा कवचांवर विश्वास नव्हता असे मात्र नाही. चांगला होता. फक्त त्याने कवचाला कधी एकटे सोडले नव्हते, जसे नव्या सुनेला पाहुण्यांपुढे एकटे सोडत नाहीत.

थोरल्या सरकारांच्या आईसाहेब वारल्या तेव्हा सरकार म्हणाले होते, “आईला जेवताना संगीत लागतं.” कवचाला विचारले. कवचाने वाजवणारे आईसाहेबांबरोबर थडग्यात न्यावेत असे सांगितले. त्यांत शेनच्या भिंतीपलीकडचा बासरीवाला यीआनही होता. यीआन आदल्याच आठवड्यात शेनकडे खारवलेला मुळा मागायला आला होता आणि भांडे परत करायचे राहिले होते. ते भांडे नंतर त्याच्या बायकोने आणून दिले. उंबऱ्यावर ठेवले. त्यानंतर शेन गल्लीतून जाताना दिसला की ती खरकट्या पाण्याचे घंगाळे घेऊन दारात येई आणि तो पुढे जाईपर्यंत थांबून मग ओती. अंगावर कधीच ओतले नाही. शेनला वाटे, एकदा ओतून टाकले असते तर बरे झाले असते.

त्या हिवाळ्यात थोरले सरकार आजारी पडले. ‘सरकार बरे होतील’ असा कौल आला. दुसरा कुठला येणार? पण सरकारांचे पाय गार पडू लागले. शेनची रोंग धाकट्या राणीसाहेबांकडे केस विंचरायला होती. तिला पाय चोळायला बोलावले. पोरगी रोज ते म्हाताऱ्याचे पाय मांडीवर घेऊन बसे.

“हिचे हात म्हणजे चूल आहे चूल,” सरकार प्रधानांना म्हणाले. “तिकडे फार थंडी असेल. हिला बरोबर घेऊ.”

आणि तीन दिवसांनी गेले. बरे होण्याचा कौलही खरा ठरला. त्यांचा खोकला थांबला.

मरणाऱ्या माणसाने ज्याचे नाव घेतले त्याचा कौल लावायचा, ही रीत. शेन घरी आला तेव्हा रोंगची आई राळ्याची पेज ढवळत होती. पेज कधीच झाली होती.

“अहो, ऐकलंत का? रोंगचं नाव घेतलं म्हणे.”

“ऐकलं.”

“मग?”

“मग काय. कौल लागेल.”

“लागेल म्हणजे? तुम्हीच ना लावणार?”

“लावणारा मी. ठरवतं कवच.”

तिने पळी पातेल्यात सोडून दिली. “यीआनच्या वेळी कवचानंच ठरवलं होतं?”

इतक्या वर्षांत तिने हे विचारले नव्हते.

“लग्न झाल्यापासून तुमच्या कपड्यांतली कासवाची पूड झटकतेय मी,” ती म्हणाली. “नुसतं घासलं तर किती पडते आणि मन लावून कोरलं तर किती पडते, ते कळतं मला. माझं म्हणणं एवढंच आहे, या खेपेला घरी याल तेव्हा पूड भरपूर असू द्या.”

पूड भरपूर होती. शेनने सगळ्यांत जुने, पिवळे पडलेले, एकही डाग नसलेले कवच निवडले. उजव्या खळग्याची भिंत खालच्या अंगाला पातळ केली, डाव्याची वरच्या अंगाला. ‘न्यावे’ म्हटले की फांदी खाली झुकणार. ‘नेऊ नये’ म्हटले की वर जाणार. दोन्हीकडे त्याने आयुष्यात कधी केली नव्हती इतकी पातळ भिंत केली. उजेडाकडे धरले तर आरपार पिवळे दिसत होते.

बाकीच्या नावांची कवचेही त्यालाच करायची होती: सारथी, दोन रखेल्या, आणि सरकारांना ज्याच्या हातचे डुकराचे मांस आवडे तो आचारी. ती त्याने नेहमीसारखी केली. सगळ्यांनाच वाचवायला गेलो तर कुणालाच वाचवता येणार नाही, असे त्याने स्वतःला सांगितले. ते खरे असावे. त्याने तपासून पाहिले नाही.

खरे तर एवढ्यावर काम झाले होते. पण शेनने आयुष्यभर कवचाला एकटे सोडले नव्हते. ऐन वेळी तरी कसे सोडेल? तो वाळवलेल्या हरणाच्या मांसाची मोट घेऊन प्रधान दोउ यांच्याकडे गेला. कवचापुढे प्रश्न उच्चारण्याचा मान प्रधानांचा. त्यांनी मनात आणले तर प्रश्न भरभर उच्चारून मोकळे होतील, कुणाला शंका काढायला वेळ राहणार नाही, एवढाच त्याचा हिशेब होता.

प्रधानांची दाढ सुजली होती. गालाला फडके बांधून ते बसले होते.

“ये, शेन, ये. आधी माझ्या दाढेचा कौल लाव. राहते का जाते?”

“काढून टाका, प्रधानजी.”

“बघा! दुसऱ्याची दाढ काढायला कवच लागत नाही याला.” ते हसायला गेले आणि कळवळले. “मांस कशाला आणलंस? चावायचं कशानं?”

“मुलीचं नाव आहे,” शेन म्हणाला.

“माहीत आहे. मी समोरच होतो.” प्रधानांनी फडके सारखे केले. “म्हातारा तुझ्या बाबतीत चांगलाच होता रे. मनात काही नव्हतं त्याच्या. थंडी वाजत होती, बस.”

“आपलं लक्ष असू द्या. एवढंच.”

“काही बोलू नकोस. समजलं मला.” प्रधानांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटले. “इतकी वर्षं बघतोय मी तुझं काम. मला काय कळत नाही?”

शेनने त्यांच्याकडे नीट पाहिले. पण प्रधानांच्या चेहऱ्यावर दाढदुखी आणि माया यांखेरीज काही नव्हते. आपण कवचाचे काय केले आहे ते सांगणे शक्य नव्हते. काय करू नका ते सांगणेही मग शक्य नव्हते. तो वाकून नमस्कार करून निघाला. घरी रोंगच्या आईला म्हणाला, “दोन्हीकडून बांधून आलोय. काळजी करू नकोस.”

कौल सकाळी, पूर्वजांच्या देवळात. धाकटे सरकार पांढऱ्या जाड्याभरड्या सुतकी कपड्यांत बसले होते. त्यांना बाप जाण्याचे दुःख होते आणि सगळे लवकर उरकावे असेही वाटत होते. ओट्यावर शेन, आणि त्याच्या शेजारी त्याने स्वतः शिकवून तयार केलेले दोन कौलकरी, पेई आणि कुओ. भेग तिघांनी वाचायची. मतभेद झाला तर दोघांचे धरायचे. मतभेद कधी झाला नव्हता, कारण तिघांना शिकवणारा एकच होता.

सारथ्याचा कौल लागला. ‘थोरल्या सरकारांनी सारथ्याला बरोबर न्यावे.’ टक्. शुभ. रखेल्यांचा लागला. आचाऱ्याचा लागला, तो दाराशी उभा होता आणि त्याने हात पुसले, जसे जेवायला वाढून झाल्यावर पुसतात.

मग रोंगचे कवच. प्रधान उठले. गाल अजून सुजलेला होता. त्यांनी शेनकडे पाहिले, आणि ज्या बाजूने हसता येत होते त्या बाजूने किंचित हसले.

“शेनची मुलगी रोंग,” ते स्वच्छ, संथ आवाजात म्हणाले. “हिला थोरल्या सरकारांनी मागे ठेवावे.”

देवळात जरा कुजबुज झाली. धाकटे सरकार म्हणाले, “हे उलटं नाही का?”

“विचारणाऱ्यानं कसं विचारावं याचा नियम नाही, सरकार. नुसती सवय आहे,” प्रधान म्हणाले. आणि ते खरे होते.

शेनच्या हातातली काडी जळत होती. त्याने ती डाव्या खळग्याकडे नेली.

“गुरुजी,” पेई हळूच म्हणाला, “उजवा.”

“हं?”

“उजवा आधी.” पेईने त्याच्या कोपराला हात लावला. लग्नात रडणाऱ्या बापाला लावतात तसा.

सगळे पाहत होते. शेनने काडी उजव्या खळग्यावर धरली; धरली म्हणजे वरच्यावर, टेकू न देता, निखाऱ्यावर राख साचू देत. नेहमीच्या खळग्याला एवढ्याने काही झाले नसते. पण ही भिंत त्याने आयुष्यात केली नव्हती इतकी पातळ केली होती. टक्.

त्याने कवच उलटे केले. उभी भेग, आणि तिच्यातून निघून सरळ खाली गेलेली फांदी. शिकवायला ठेवावी अशी.

“शुभ,” शेन म्हणाला.

पेई वाकून पाहू लागला. मग त्याने शेनकडे पाहिले, मग पुन्हा भेगेकडे. “गुरुजी, फांदी खाली आहे.”

“उजेड तिरपा आहे.”

“फिरवून बघितलं, गुरुजी. तुम्हीच शिकवलंत ना, फिरवून बघायला.”

“कुओ?” धाकट्या सरकारांनी विचारले.

कुओ भला माणूस होता. त्यानेही कवच फिरवून पाहिले. “अशुभ,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला. “माफ करा, गुरुजी. तुमच्या जागी मी असतो तर मलाही शुभच दिसलं असतं.”

“दोघांचं धरा,” धाकटे सरकार म्हणाले. “दुसरं.”

प्रधानांचा चेहरा पडला होता. पडेल आवाजातच त्यांनी दुसरा प्रश्न उच्चारला: रोंगला मागे ठेवू नये. डाव्या खळग्यावर काडी टेकली न टेकली तोच कवच बोलले. फांदी वर गेली. इतकी देखणी, इतकी निःशंक भेग त्या देवळात कुणी पाहिली नव्हती. कुओच्या तोंडून अभावितपणे “वा!” निघाले आणि त्याने तोंडावर हात धरला.

शेन उठून उभा राहिला. “सरकार,” तो म्हणाला, “हे कवच मी...”

आणि थांबला. कवच मी कोरले, असे म्हटले तर हे एकच कवच कोरलेले ठरत नव्हते. मग बासरीवाल्याचेही आले. कौल लावून गेलेल्या आणि परत न आलेल्या फौजांचेही आले. कौल कोरणाऱ्याला त्वानमध्ये एकच शिक्षा होती आणि ती घराण्याला मिळून दिली जाई. घराण्यात आधी लेकीबाळी मोजत. रोंग आत्ता सरकारांबरोबर मानाने जाणार होती. मग तिला चौकात नेले असते.

“हे कवच मी फोडलं,” त्याने वाक्य पुरे केले, “म्हणून मागतो. मुलीऐवजी मला न्या. म्हातारा आहे, पण तिथेही कौल लागतीलच.”

धाकटे सरकार मनापासून हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच. “काका, तिथं कौल कशाला? तिथं सगळे पूर्वज समोरच बसलेले. तोंडीच विचारून घेतील बाबा.” मग त्यांनी आवाज मऊ केला. “एवढा स्वच्छ कौल. तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा.”

बाहेर पडताना प्रधानांनी त्याला खांबाआड गाठले. डोळ्यांत पाणी होते.

“शेन, मी काय कमी केलं रे? इतकी वर्षं बघतोय, जे आधी विचारावं तेच लागतं. नेहमी उजवंच लागतं! म्हणून मुद्दाम तिची सुटका आधी विचारली. रीत मोडून विचारली. कवचाच्याच मनात नाही, तिथं माणूस काय करणार?”

“उपकार झाले,” शेन म्हणाला.

नेण्याच्या दिवशी रोंगला नवे रेशीम दिले होते. ती रडत नव्हती. लहानपणापासून तिने एकच ऐकले होते, की आपले बाबा ज्याला हात लावतात ते कवच खोटे बोलत नाही.

“बाबा, कौल फार चांगला आला म्हणे माझा.”

“हो.”

“पेईकाका म्हणाले, असा बघितलाच नाही.” तिने बाहीत हात खुपसले होते. “आजोबा असतील ना तिथं?”

“असतील.”

“त्यांना काय सांगू?”

“सांग, हात बसलाय म्हणावं माझा.”

तिला ते कळले नाही, पण निरोप पाठ करताना हलवतात तसे तिने ओठ हलवले. मग तिला आणि इतरांना गरम दारू दिली. आचाऱ्याने पेल्याचा वास घेतला आणि दारू कच्ची आहे म्हणाला. थडग्यात उतरणारा मातीचा उतार लांब होता. रोंग शेवटून दुसरी गेली. खाली पोहोचल्यावर तिने वर पाहिले, पण वर सगळेच पांढऱ्या कपड्यांत होते.

कौल पूर्ण झाला की त्याचा निकाल त्याच कवचावर खोदायचा, ही शेवटची रीत. हे काम मुख्य कौलकऱ्याचे. शेनने बसून खोदले: ‘रोंग हिला न्यावे असा कौल. नेले. कौल खरा ठरला.’ अक्षरे नेहमीसारखीच आली. त्याने त्यानंतरही पुष्कळ वर्षे नोकरी केली. खळगे मात्र आता तो पेईकडून कोरून घेई. हात थरथरतो असे कारण त्याने सांगितले होते, थरथरत नव्हता. पेईला आतले काम कुणी शिकवलेले नसल्यामुळे तो सगळीकडे सारखीच जाड भिंत ठेवी, आणि कवच वाटेल ते बोलू लागले. ते कौलही खरे ठरले.

रोंगची आई भिंतीपलीकडे यीआनच्या बायकोकडे राहायला गेली. दोघी मिळून मुळा खारवत. शेन गल्लीतून जाताना दिसला की आता दोन घंगाळी दारात येत.

राजवाड्यातून रोंगचे सामान आले ते एका मोलकरणीबरोबर. त्यात एक फणी होती आणि एक लहान, काजळी धरलेले मातीचे मडके.

“हे कशाचं?” शेनने विचारले.

“गरम पाण्याचं, गुरुजी. सरकारांकडे जायच्या आधी दाराबाहेर बसून हात शेकून घ्यायची यावर,” मोलकरीण म्हणाली. “तिचे हात थंडगार असायचे.”